सलूनमधला ‘षटकार’

महाराष्ट्रातला मुसलमान मराठी कुठे शिकला, या विषयावर आपल्याकडे बऱ्याच चर्चा होतात. त्यातली नावंही आता ठरून गेली आहेत. संत शेख महंमदांपासून सुरुवात होते, शाहीर अमर शेख येतात आणि १९९० साली सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापाशी गाडी थांबते. ही नावं मोठीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलांचं काय? आम्ही शेख महंमद वाचले ते फार पुढे, कॉलेजात गेल्यावर, तेही एखाद्यानेच. शाळेच्या पुस्तकाबाहेरची मराठी आम्ही आधी वाचली ती केस कापायच्या दुकानात. त्या मराठीत इंद्रायणी नव्हती, चंद्रभागा नव्हती. त्यात गावसकरचा स्ट्रेट ड्राइव्ह होता, अझरचं मनगट होतं आणि इम्रानचा आत येणारा चेंडू होता. तिचं नाव होतं ‘एकच षटकार’.

ऐंशीच्या दशकात ज्यांनी हे पाक्षिक वाचलं त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९८३ साली कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि देशात क्रिकेटची लाट आली. त्या लाटेत मराठीत निघालेलं हे क्रिकेटचं पाक्षिक. संपादक संदीप पाटील आणि कार्यकारी संपादक द्वारकानाथ संझगिरी. संझगिरी पेशाने इंजिनिअर, नोकरी मुंबई महापालिकेत, आणि लेखणी क्रिकेट, सिनेमा आणि प्रवास या तिन्हींत सारखीच चालणारी. महाराष्ट्रभर खपणाऱ्या या अंकाला आमच्या गावात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नसे. सगळे म्हणायचे, ‘षटकार आला का?’

उचगाव

आमचं उचगाव कोल्हापूरला खेटून. एका बाजूला तावडे हॉटेलचा चौक आणि पुणे-बंगळूर हायवे, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची कापडपेठ. अब्बा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. घरात बोली दखनी, दारात पाऊल टाकलं की मराठी. शाळा मराठी माध्यमाची. पहाटे मशिदीत अरबी कायदा, दुपारी शाळेत बालभारती. उर्दू फक्त दादाजींना वाचता यायची, ती त्यांच्याबरोबर गेली. म्हणजे बोलायला एक भाषा, वाचायला दुसरी आणि इबादतीला तिसरी. यातली एकही भाषा आम्ही हौसेने वाचत नव्हतो. वाचायचं ते परीक्षेसाठी किंवा सवाबसाठी.

घरी वर्तमानपत्र येत नव्हतं. गावात ते वाचायची जागा एकच, आण्णांचं सलून. तिथे ‘पुढारी’ यायचा, आणि आण्णांना क्रिकेटचं वेड असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी ‘षटकार’ही यायचा. आण्णांचा नियम कडक होता. अंक बाहेर न्यायचा नाही, पान दुमडायचं नाही आणि दाढीचा साबण लागलेल्या हाताने शिवायचा नाही. बाकावर पाच-सहा पोरं, अंक मधल्याच्या मांडीवर, आणि ज्याचं वाचन झालं नाही तो ओरडणार, “थांब की रं, पान पलटू नगं!” एका अंकाला गावात किती वाचक असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण महिनाभरात त्या अंकाच्या कडा मऊ होऊन कापडासारख्या व्हायच्या, हे मला नीट आठवतं.

इथे कुणी विचारेल, कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल, मग क्रिकेट कुठून आलं? बरोबर आहे. आमच्याकडे शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं आणि तालमींना राजाश्रय दिला. पुढे त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. पण कुस्ती आणि फुटबॉल आम्ही डोळ्यांनी बघायचो, ते वाचायची गरज नव्हती. क्रिकेट मात्र लांब होतं. मुंबईत, मद्रासला, शारजात, लॉर्ड्सवर. लांबचं असल्यामुळे ते वाचावं लागायचं. म्हणून कोल्हापूरसारख्या गावात वाचायची गोडी क्रिकेटने लावली.

आणि या वाचनातूनच आपल्या घराशेजारची माणसंही कळली. रद्दीत मिळालेल्या एका जुन्या क्रीडा अंकात एक चौकट होती. भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा विक्रम फक्त नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. पुढे हा माणूस एकही कसोटी खेळला नाही. जन्म कोल्हापूर, वास्तव्य कोल्हापूर. ते वाचून मी थक्क झालो. हा माणूस केएमटीच्या बसने जाता येईल एवढ्या अंतरावर राहत होता आणि शाळेत कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

आपा

सलूनमध्ये मुली येत नसत. त्यामुळे ‘षटकार’ हा फक्त पोरांचा, असं सगळ्यांना वाटायचं. पण आण्णा जुने अंक रद्दीच्या भावाने द्यायचे आणि मी ते घरी आणायचो. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो, सातवीनंतर घरी बसलेली. ती भाकरी थापता थापता रेडिओवर समालोचन ऐकायची आणि वहीत स्कोअर लिहायची. जुना अंक हातात पडला की तो ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, जाहिरातींसकट. अम्मी कुरकुरायची, “क्या पढती गे इत्ता? परीक्षा है क्या तेरी?” आपा म्हणायची, “अम्मी, सुनील का सेंच्युरी हुया.” अम्मीला सुनील कोण हे ठाऊक नव्हतं, पण चांगलं काही झालंय एवढं तिला कळायचं.

याच आपाने पुढे आमच्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बायांचे अर्ज लिहिले. रेशनकार्ड, विधवा पेन्शन, शाळा सोडल्याचा दाखला. तलाठी कार्यालयात एकदा एका कारकुनाने विचारलं, “अर्ज कुणी लिहिला? मास्तरांनी?” कारण वाक्यं आखूड, मुद्देसूद, आणि शेवटी मागणी स्पष्ट. सातवी शिकलेल्या बाईला ही मराठी कुणी दिली? शाळेने थोडी दिली असेल. पण रोज वाचायची सवय आणि वाक्याचा नेम तिला क्रिकेटच्या पानांनी दिला, याला मी साक्षीदार आहे.

गोलंदाज कुणाचा शब्द?

क्रिकेटची ही मराठी आपोआप तयार झालेली नाही. १९६२ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला स्वतःचं पान आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांनी मराठी समालोचन घराघरांत नेलं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला गली कुठे आणि कव्हर कुठे हे त्यांच्या आवाजावरून कळायचं. शिरीष कणेकरांनी क्रिकेटवर गप्पांच्या भाषेत लिहिलं. ‘षटकार’ या सगळ्यांच्या खांद्यावर उभा होता.

त्या शब्दांकडे नीट बघा. ‘गोलंदाज’ हा फारसी शब्द. तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या तोफखान्यात हा शब्द रुळला आणि शे-दोनशे वर्षांनी कपिलदेवला चिकटला. त्याच्या वजनावर ‘फलंदाज’ तयार झाला. खरं तर ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा, आणि फलंदाज काही फळी फेकत नाही, पण कानाला गोड वाटलं आणि चाललं. ‘मैदान’ आमच्याकडचं. ‘नाबाद’मधला ‘ना’ फारसी. त्याच्या शेजारी ‘यष्टिरक्षक’ आणि ‘क्षेत्ररक्षण’ थेट संस्कृतातून आलेले, आणि ‘फुलटॉस’, ‘यॉर्कर’ साहेबाचे. कुणी समिती बसवली नव्हती, कुणी तहजिबीवर भाषण दिलं नव्हतं. मैदानात जे उपयोगी पडलं ते राहिलं. आमच्या दखनी-मराठी जिभेला ही भाषा परकी वाटली नाही, यात नवल ते काय?

आणि ‘टेस्ट’ला मराठीने निवडलेला शब्द ‘कसोटी’. सोनं घासून पाहायचा दगड. या शब्दाकडे आपण पुढे येणारच आहोत.

धावा मोजायची जुनी पद्धत

भारतीय क्रिकेटचा जन्मच धर्मवार संघांत झाला, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. मुंबईत १९१२पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा होती. १९३७ साली तिची पंचरंगी झाली. पाचवा संघ ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. त्यात ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन. आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या ‘उरलेल्यां’त. १९४३च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. १९५२ साली मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हेच उरलेले हजारे होते.

१९४० साली गांधीजींनी या धर्मवार स्पर्धेला उघड विरोध केला. तरीही ती १९४६पर्यंत चालली. १९४४च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका विकेटने हरवलं. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. हे सामने उत्तम क्रिकेटचे होते, खेळाडूंमध्ये दोस्तीही होती. पण प्रेक्षकाला एक सवय लागली. फलकावरचं नाव वाचायच्या आधी त्याचा धर्म मोजायची. स्पर्धा बंद झाली. सवय मात्र प्रेक्षकांतल्या काहींनी घरी नेली आणि पोराबाळांना दिली.

माझं म्हणणं असं, की स्वातंत्र्यानंतर ही सवय मोडायचं काम ज्यांनी केलं त्यात खेळाच्या नियतकालिकांचा वाटा मोठा आहे. गंमत म्हणजे त्यातली दोन मोठी इंग्रजी नियतकालिकं मुसलमानांच्या हातात होती. मुंबईचं ‘स्पोर्ट्सवीक’ खालिद अन्सारींचं. त्यांच्या वडिलांनी, अब्दुल हमीद अन्सारींनी, १९३८ साली ‘इन्किलाब’ काढला, आणि खालिद यांनी पुढे १९७९ साली ‘मिड-डे’ काढला. कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’चे संपादक मन्सूर अली खान पतौडी. तिसरं, मद्रासच्या ‘हिंदू’ समूहाचं ‘स्पोर्टस्टार’, १९७८पासून. त्याची पोस्टर्स आमच्याकडेही भिंतीवर होती, पण मजकूर आम्हाला वाचता येत नव्हता. पतौडी काय लिहितात हे उचगावच्या पोरांना कळायला मार्ग नव्हता. आमच्यापर्यंत जे पोहोचलं ते मराठीत पोहोचलं.

दिल्ली ते कोलकाता

आता संपादकांबद्दल. संदीप पाटील यांना १९८१च्या जानेवारीत सिडनीला लेन पॅस्कोचा चेंडू कानाजवळ लागला, मैदान सोडावं लागलं. त्याच महिन्यात पुढच्या कसोटीत, अॅडलेडला, त्यांनी १७४ काढल्या. १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले. असा माणूस डिसेंबर १९८४मध्ये दिल्लीच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध एक उंच फटका मारून बाद झाला. कपिलदेवही असाच बाद झाला. भारत हरला आणि पुढच्या कोलकाता कसोटीत दोघांनाही वगळलं. कपिल परत आला. संदीप पाटील पुन्हा कधीही कसोटी खेळले नाहीत.

कोलकात्यात मधल्या फळीत जी जागा रिकामी झाली, तिथे हैदराबादचा एक सडपातळ मुलगा उतरला. मोहम्मद अझरुद्दीन. पहिल्या कसोटीत ११०, मद्रासला दुसऱ्या डावात १०५, कानपूरला १२२. पहिल्या तिन्ही कसोटींत शतक. हे तोवर कुणी केलं नव्हतं.

म्हणजे ज्याच्या येण्याने आपली कसोटी कारकीर्द संपली, त्याच मुलाचं कौतुक ज्या पाक्षिकात वर्षानुवर्षं छापून यायचं, त्याचे संपादक संदीप पाटील. सलूनमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. आण्णा म्हणायचे, “ह्याला म्हणत्यात मन!” मला तेव्हा त्यात मोठं काही वाटत नसे. आज वाटतं. आपली जागा दुसऱ्याने घेतली की माणसं त्याचा धर्म, जात, गाव, कोटा काढतात, हे आता रोज बघतो म्हणून.

शनिवारची सकाळची शाळा

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजा. भारत ७ बाद २४५. गावसकर ९२, श्रीकांत ७५. पाकिस्तानला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माचा फुलटॉस, मियांदादचा षटकार. मियांदाद नाबाद ११६. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. आपाने वही मिटून ठेवली आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. वर्गात शिरताच एकाने विचारलं, “काय रे, काल तुमच्यात पेढे वाटले म्हणं?” बाकीचे हसले. एक गुरुजीही हसले. मला राग आला त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. कारण काल रात्री मी त्यांच्याइतकाच हरलो होतो. पण माझं हरणं धरलं जात नव्हतं. मला ते आधी सिद्ध करायला लागणार होतं. ‘कसोटी’ या शब्दाचा दुसरा अर्थ मला त्या सकाळी समजला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक मुस्लिम वाचकांकडे असा एखादा शनिवार असेल. तारीख वेगळी, शाळा वेगळी, प्रश्न तोच.

पण पुढचं सांगायला हवं. सलूनमध्ये तो प्रश्न कुणी विचारला नाही. तिथे भांडण वेगळं होतं. शेवटचं षटक चेतनला का दिलं, यॉर्करचा प्रयत्न फसला की चेंडू हातातून निसटला, आदल्या चेंडूला तौसीफ अहमदला धावचीत करता आलं असतं का. त्या भांडणात मी सगळ्यात पुढे होतो, कारण आपाच्या वहीत चेंडूचेंडूचा हिशेब होता. आण्णांनी वही मागवून घेतली आणि आरशाखाली ठेवली. ‘षटकार’ने या बाकाला भांडायची एक रीत शिकवली होती. माणसाबद्दल बोलायचं तर त्याच्या खेळाबद्दल बोल. तिथे इम्रान आधी गोलंदाज होता, पाकिस्तानी नंतर. किरमाणी आधी यष्टिरक्षक. या रीतीत मला बसायला जागा होती.

पाक्षिकाची आणखी एक बरकत होती, ती म्हणजे उशीर. अंक येईपर्यंत दिवस गेलेले असायचे, राग निवलेला असायचा. लेखकालाही विचार करायला वेळ मिळालेला असायचा. दीड वर्षाने, ३१ ऑक्टोबर १९८७ला, याच चेतन शर्माने नागपुरात न्यूझीलंडच्या तिघांच्या यष्ट्या ओळीने उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. ज्या पोरांनी चेतनला शिव्या घातल्या होत्या तीच पोरं बाकावर नाचली. कुणावरही कायमचा शिक्का मारू नये, हे आम्हाला नीतिकथांतून कळलं नाही, स्कोअरकार्डातून कळलं.

१९९३ आणि २०००

डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३. मुंबई जळत होती. उचगावात काही झालं नाही, पण बोलणं कमी झालं. अब्बा कामावरून सरळ घरी यायचे. माझे मुंबईचे मामू पंधरा दिवस कुठे होते ते कळलं नव्हतं. त्या वातावरणात २९ जानेवारीला ईडन गार्डनवर इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू झाली. कर्णधार अझरुद्दीन, नुकताच दक्षिण आफ्रिकेत मालिका हरून आलेला. त्याने १८२ केल्या. पुढे भारताने मालिका ३-० जिंकली. तिसरी कसोटी फेब्रुवारीत मुंबईत, त्याच जळालेल्या शहरात, वानखेडेवर. तिथे विनोद कांबळीने २२४ काढल्या. तीन आठवड्यांनी, १२ मार्चला, बॉम्बस्फोट झाले.

एका खेळीने दंगल विसरता येत नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. मामूंचं दुकान गेलं ते गेलंच. पण त्या आठवड्यात मी खूप दिवसांनी सलूनमध्ये गेलो. आण्णांनी काही विचारलं नाही. बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, “बस. अझरचं काय म्हणतोस?” त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. असं बोलायला आम्हा दोघांना शब्द सापडले नसते. ते क्रिकेटने दिले.

मग २००० साल आलं. मॅच फिक्सिंग. ५ डिसेंबरला अझरवर आजन्म बंदी. अजय शर्मावरही आजन्म. जडेजा आणि प्रभाकरवर पाच वर्षं. दक्षिण आफ्रिकेच्या हॅन्सी क्रोनिएने तर स्वतः कबुली दिली. पण कोल्हापुरात मी जिथे नोकरी करायचो तिथे विचारपूस व्हायची ती फक्त अझरची, आणि तीही माझ्याकडे, जणू तो माझा चुलतभाऊ. क्रोनिएबद्दल कुणी गल्लीतल्या ख्रिस्ती माणसाला विचारलं असेल असं वाटत नाही. पुढे नोव्हेंबर २०१२मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अझरवरची बंदी बेकायदा ठरवली. तोवर ‘षटकार’ बंद पडलेला होता. सलूनमध्ये टीव्ही लागला होता. बाक तोच होता, पण सगळ्यांची तोंडं एका दिशेला झाली होती, आणि आवाज इतका मोठा की कुणी कुणाशी बोलू शकत नव्हतं.

आजचा पंधरवडा

२४ ऑक्टोबर २०२१. दुबई. टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानने भारताला दहा विकेट्सनी हरवलं. पाकिस्तानचे दोन्ही सलामीवीर नाबाद, म्हणजे भारताच्या एकाही गोलंदाजाला एकही बळी नाही. पण सामना संपायच्या आत शिव्या सुरू झाल्या त्या मोहम्मद शमीला. अकरा जण हरले आणि कसोटी एकाची. सहा दिवसांनी विराट कोहलीने पत्रकारांसमोर स्पष्ट शब्दांत शमीची बाजू घेतली, त्याबद्दल त्याचे आभारच. पण ते सहा दिवस लाखो फोनांवर काय फिरत होतं ते आपण सगळ्यांनी बघितलं. माझ्या पुतण्याच्या वर्गाच्या ग्रुपवरही ते आलं. माझ्या शनिवारी वर्गात चाळीस पोरं होती. त्याचा शनिवार कधी संपतच नाही.

याला फक्त फोन जबाबदार आहे असं म्हणणं सोपं आहे. फोन नव्हता तेव्हाही पेढ्यांचा प्रश्न होताच. फरक एवढाच की तेव्हा त्या प्रश्नाशेजारी दुसरी एक जागा होती, जिथे खेळावर सावकाश, मराठीत आणि आपल्या गावातल्या माणसांसोबत बोललं जायचं. श्रीरामपूरचा झहीर खान २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतो, स्पर्धेत शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक. मराठी बोलणारा, नगर जिल्ह्यातल्या गावातून आलेला मुसलमान मुलगा. त्याच्यावर पंधरा दिवस थांबून, त्याच्या गावात जाऊन, त्याच्या मराठीत लिहिलेला एखादा लांबलचक लेख खेड्यातल्या बाकावर पोहोचायला हवा होता. तेव्हा तसं पाक्षिक उरलं नव्हतं.

करमरकर मार्च २०२३मध्ये गेले, कणेकर त्याच वर्षी जुलैमध्ये, संझगिरी फेब्रुवारी २०२५मध्ये. प्रत्येक वेळी श्रद्धांजलीचे लेख आले. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी दादर आणि शिवाजी पार्कच्या आठवणी लिहिल्या. त्या खऱ्याच आहेत. पण उचगाव, श्रीरामपूर, मिरज, परभणी इथल्या मोहल्ल्यांत हा अंक कसा वाचला गेला, याबद्दल एकही ओळ माझ्या वाचनात आली नाही. ती ओळ बाहेरचं कुणी लिहिणार नाही. ती आपल्यालाच लिहावी लागेल.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, मुस्लिम मराठी वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकांना. कवी आणि ग्रंथ मोजून झाले की सलूनं मोजा, रद्दीची दुकानं मोजा, सातवीत शाळा सुटलेल्या बहिणींच्या वह्या मोजा. आपल्या समाजात मराठी रुजली त्याचे पुरावे तिथे पडलेत.

दुसरी, तुम्हा वाचकांना. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी जुने ‘षटकार’ असतील तर रद्दीत घालू नका. कोल्हापुरात १८५०पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, तुमच्या गावातही एखादं ग्रंथालय असेलच. तिथे जाऊन विचारा, अंक जपून ठेवतील का. नाही म्हणाले तर मला कळवा. आपाकडे सत्तावीस अंक आणि स्कोअरच्या तीन वह्या आहेत. तिची ट्रंक मोठी आहे. अजून बरेच मावतील, असं ती म्हणते.